काम गेलं तरी हात आपलाच असतो

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'कलाकार म्हणून जगण्याचा नवा हेतू'. विषय मोठा आहे आणि मी पाट्या रंगवणारा माणूस. दुकानाचं नाव, प्रोप्रायटरचं नाव, खाली 'उधारी बंद आहे', एवढ्या शब्दांत माझं निम्मं आयुष्य गेलं. तेव्हा मोठ्या शब्दांच्या वाटेला न जाता मला जे दिसलं तेवढंच सांगतो.

सकाळी चहाच्या वेळी तुमच्यापैकी काही जणांशी बोललो. एक मुलगा चांगली चित्रं काढायचा, बारावीनंतर त्याने सोडून दिलं. एक मुलगी नात म्हणायची, आता म्हणत नाही. एक जण लग्नपत्रिका आणि बॅनरची डिझाइनं करून घराला हातभार लावत होता. आता गिऱ्हाईक मोबाइलवर दोन मिनिटांत चित्र बनवून आणतं आणि म्हणतं, 'फक्त नावं टाकून द्या.' तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. मला मात्र त्यात एकच प्रश्न ऐकू आला. आता हे करायचं, तर कशासाठी?

हा प्रश्न आपल्याच वाट्याला पहिल्यांदा आला असं प्रत्येक पिढीला वाटतं. म्हणून आधी आपल्याहून दीड-पावणेदोनशे वर्षं जुन्या माणसांकडे जाऊ.

मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. देशभरातल्या मोठमोठ्या गवयांच्या मागे जे तंबोरे वाजतात, त्यातले कितीतरी या गावात बनलेले आहेत. बनवणारी घराणी बहुतेक मुसलमान. आज त्यांची ओळख सतारमेकर अशी असली तरी मूळचे ते शिकलगार. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी घासूनपुसून लखलखीत करणारा आणि त्यांना धार लावणारा. संस्थानांच्या फौजा होत्या, लढाया होत होत्या, तोवर या हातांना काम होतं. मग इंग्रजांचं राज्य पक्कं झालं, लढाया थांबल्या. तलवारी भिंतीवरच्या खुंटीला गेल्या. खुंटीवरच्या तलवारीला धार कोण लावून घेणार?

त्याच काळात मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती. उत्तरेतून गवई यायचे, बीनकार यायचे. वाद्यं प्रवासात मोडायची, बिघडायची. दुरुस्त करणारा माणूस जवळपास नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची ही गोष्ट. शिकलगारांपैकी फरीदसाहेब या कारागिराने वाद्यं दुरुस्त करायला घेतली आणि पुढे नवी वाद्यं बनवायलाही सुरुवात केली, असं तिथले कारागीर सांगतात. त्या कामाच्या पुढे पिढ्यान् पिढ्या झाल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तंबोरा कसा होतो ते थोडं सांगतो, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा मोठा कडू भोपळा वाळवून कापतात. त्याला लाकडी गळा आणि दांडी जोडतात, वर तबली बसवतात, नक्षी करतात, पॉलिश करतात. आणि सगळं झाल्यावर सगळ्यात नाजूक काम येतं ते जवारीचं. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा दिसायला सपाट दिसतो. पण त्याला इतका हलका उतार द्यावा लागतो, की कंप पावणारी तार त्या माथ्याला निसटती शिवत राहील. तंबोऱ्याचा तो भरलेला, गुंजणारा आवाज तिथून येतो. कारागीर कानशीने किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. थोडं जास्त घासलं गेलं की आवाज बसला.

म्हणजे घासायचंच काम. पात्याला धार लावणाऱ्या घराण्यातला हात आता स्वराला धार लावत होता. हातातलं कसब वाया गेलं नाही. पण नुसत्या जुन्या कसबावर भागलं असंही नाही. लोखंडाची पारख असणाऱ्या माणसांना लाकूड ओळखायला शिकावं लागलं, भोपळा ओळखायला शिकावं लागलं आणि सूर ऐकायला कान तयार करावा लागला.

या गोष्टीत मला तीन गोष्टी दिसतात. हातात आधीचं कसब होतं. नवं शिकायची तयारी होती. आणि समोर कुणीतरी होतं, ज्याला ते काम हवं होतं. आपण तरुण मुलांना पहिल्या दोन गोष्टी पुष्कळ सांगतो. रियाज कर, कोर्स कर. तिसरी सांगायची राहून जाते. मग मूल खोलीत बसून स्वतःच्या आत हेतू शोधत राहतं. तिथे तो नेहमी सापडतोच असं नाही. पुष्कळदा तो दाराबाहेर, एखाद्या मोडलेल्या वाद्यात असतो.

आता माझ्या धंद्याचं सांगतो. आमच्या अब्बांचं गावात नाव होतं, 'पेंटर' म्हणूनच सगळे हाक मारायचे. दोरीला खडूची भुकटी लावून भिंतीवर ओळ मारायची, आधी शिरोरेखा, मग काना, वेलांटी सगळ्यात शेवटी. एनामल रंग, टर्पेंटाइनचा वास, उन्हात शिडीवर उभं राहणं. मी तेच शिकलो. पंढरपुरात जन्मलेले हुसेनसाहेब, मकबूल फिदा हुसेन, तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे, हे अब्बा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, म्हणजे भाव करताना जरा मान राखला जाईल.

२००० नंतरच्या काही वर्षांत फ्लेक्स आलं. मला ज्या पाटीला दोन दिवस लागायचे, ती यंत्रातून काही मिनिटांत बाहेर यायला लागली, तीही मालकाच्या फोटोसकट. गिऱ्हाइकांवर मी कधी रागावलो नाही. स्वस्त आणि झटपट मिळतं तिकडे माणूस जाणारच. अब्बांनी ब्रश धुऊन, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवले. ते वर्षभर तिथेच होते. मी एका फॅब्रिकेशनच्या दुकानात लोखंडी गेटला रेड ऑक्साइड मारायला जायला लागलो. पोट भरत होतं. संध्याकाळी हात मात्र उगीचच हवेत अक्षरं गिरवायचा.

मग शेजारच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी आले. त्यांना 'बोलक्या भिंती' करून हव्या होत्या. मुळाक्षरं, पाढे, महाराष्ट्राचा नकाशा. रंगाचे पैसे गावकऱ्यांनी वर्गणी काढून दिले, माझी मजुरी जेमतेम. मी शाळेत गेलो आणि भिंतीपुढे थांबलो. आजवर मी अक्षर काढलं ते रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला दिसावं म्हणून. दहा फुटांवर लावायचं, म्हणून जाड आणि मोठं. इथला वाचणारा तीन फुटांचा होता. मी पहिलीतल्या एका मुलीला भिंतीशी उभं केलं, हात वर करायला सांगितला आणि बोटं जिथे पोचली तिथे खडूने खूण केली. सगळी मुळाक्षरं त्या खुणेच्या खाली काढली. रंग वाळल्यावर पोरं येऊन 'क' वरून बोट फिरवायला लागली. शिरोरेखा कुठे सुरू होते, गाठ कुठे वळते, हे बोटाने शिकायला लागली.

माझं अक्षर कुणी वाचत होतं हे मला माहीत होतं. पण माझ्या अक्षरावरून कुणी लिहायला शिकेल, हे कधी मनात आलं नव्हतं. ब्रश तोच, रंग तोच, हातही तोच. समोरचा माणूस बदलला आणि कामाचा अर्थ बदलला.

पुढे एका उर्दू शाळेने तसंच काम सांगितलं. मला नस्तालीक येत नव्हतं. आमच्या मोहल्ल्यात एक म्हातारे कातिब होते. उर्दू वर्तमानपत्रं हाताने लिहिली जात, त्या काळात त्यांनी रोज रात्री मजकूर लिहिला होता. संगणकावर उर्दू टाइप होऊ लागलं आणि त्यांची कलम थांबली. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला पहिला धडा दिला तो नुक्त्याचा. बोरूचं टोक कागदावर टेकवून जो चौकोनी ठिपका उमटतो, तेच माप. अलिफ किती नुक्ते उंच, बे किती नुक्ते रुंद, सगळं त्यावर ठरतं. दोन महिने मी ठिपकेच काढत होतो. त्या दोन महिन्यांत चाचांचा आवाज बदलला, हे मला सांगायचं आहे. सुरुवातीला ते दबक्या आवाजात बोलायचे. नंतर मला झापायला लागले. शिकवण्यासारखं आपल्याकडे अजून काही आहे हे कळल्यावर माणूस ताठ बसतो.

आता तुम्ही म्हणाल, ही झाली छोट्या गावातली छोटी कामं. जगासाठी योगदान म्हणतात ते हे का? तर आता बार्शीच्या एका माणसाची गोष्ट ऐका.

१९१६ मध्ये बार्शीला मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा जन्मला. घरची गरिबी. त्याने मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं, गिरणीत काम केलं. आवाज देवाने दिलेला, पहाडी. असा आवाज घेऊन माणूस कुठेही गेला असता, मैफलीत गेला असता. पण गिरणी कामगारांचा संप त्याच्या आयुष्यात आला, तुरुंग आला, आणि हा आवाज कुणासाठी लावायचा ते त्याला कळलं. त्यालाच महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणगावातल्या चाळींत, मैदानांत, गावोगावच्या सभांत ते गायले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभेला गर्दी जमायची ती पुढाऱ्यांच्या भाषणाइतकीच शाहिरांच्या डफासाठी. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, त्यात त्या आवाजाचा वाटा आहे.

आपल्यातली पुष्कळ मुलं म्हणतात, 'आम्ही मराठी आहोत हे आम्हाला सारखं सिद्ध करावं लागतं.' हा त्रास खरा आहे, मीही तो सोसला आहे. 'अरे वा, मराठी किती छान बोलता,' हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा एकही जण या खोलीत नसेल. अमर शेखांनी त्याला दिलेलं उत्तर कामातून दिसतं. कामगाराचं दुःख त्यांनी कामगाराच्या भाषेत मांडलं. ती भाषा मराठी होती, आणि त्यांची स्वतःचीही होती. ज्याच्यासाठी गायले, त्याने त्यांना आपलं मानलं.

मग प्रत्येकाने पोवाडाच गायचा का? चित्रात घोषणा लिहिली तरच ते समाजाच्या उपयोगाचं, असं आहे का? मला तसं वाटत नाही. त्यासाठी सय्यद हैदर रझा यांच्याकडे बघू.

रझा १९२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या मंडला भागात, जंगलखात्यातल्या माणसाच्या घरी जन्मले. शाळेत त्यांचं लक्ष ठरत नसे. गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं, ही आठवण ते पुढे आयुष्यभर सांगत. नागपूरच्या चित्रशाळेत शिकले, मग मुंबईत जे. जे. मध्ये. १९४७ मध्ये सूझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होते. १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. १९५६ मध्ये तिथल्या समीक्षकांचा मोठा पुरस्कार मिळाला. नाव झालं, चित्रं विकली जात होती.

आणि तरीही सत्तरच्या दशकात या माणसाला वाटायला लागलं, की हे पुरेसं नाही. यात मी कुठे आहे? ते पुन्हा पुन्हा भारतात येऊन राहिले, फिरले. त्यातून त्यांच्या चित्रात बिंदू आला. शाळेच्या भिंतीवरचा तोच ठिपका. पुढची तीसेक वर्षं त्यांनी त्या बिंदूभोवती काम केलं. त्या चित्रांत घोषणा नाही, कुणाला उपदेशही नाही. पण अस्वस्थ मन घेऊन तुम्ही त्या काळ्या वर्तुळापुढे पाच मिनिटं उभे राहा. मन जागेवर येतं. माणसाचं मन जागेवर आणणं हीसुद्धा जगाची सेवा आहे. वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते कायमचे दिल्लीला परतले. त्याआधीच, २००१ मध्ये, त्यांनी रझा फाउंडेशन सुरू केलं होतं आणि तरुण चित्रकारांना, कवींना, गायकांना हात दिला. २०१६ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचं दफन झालं.

यातून दोन गोष्टी घ्या. यश मिळाल्यावरसुद्धा हेतू हरवू शकतो, तेव्हा हेतू हरवला म्हणजे आपण हरलो असं समजू नका. दुसरी गोष्ट, नवा हेतू म्हणजे दरवेळी नवी वस्तू नसते. कधी कधी तो लहानपणीच्या शाळेत विसरून आलेला असतो.

आता मुलींशी थोडं बोलतो. सकाळी नात म्हणणाऱ्या मुलीने सांगितलं, 'घरी आवडत नाही.' बेगम अख्तर यांची गोष्ट बहुतेकींना माहीत नसेल. फैजाबादची अख्तरीबाई, गझल आणि ठुमरीत देशभर नाव झालेलं. १९४५ मध्ये लखनौच्या एका बॅरिस्टरशी लग्न झालं आणि गाणं थांबलं. काही वर्षं त्या गायल्या नाहीत. आजारी पडल्या, खचल्या. अखेर १९४९ मध्ये लखनौच्या रेडिओ केंद्रावर त्या पुन्हा गायला बसल्या. त्यानंतर जी पंचवीस वर्षं मिळाली, त्यात आपण ज्यांना 'मलिका-ए-गझल' म्हणतो त्या बेगम अख्तर घडल्या. आणि त्यांनी पुढच्या मुलींना शिकवलं. मध्ये पडलेला खंड म्हणजे शेवट नसतो, एवढं लक्षात ठेवा. पाच वर्षांनी बसलात तरी गळा आधी कुरकुरेल, मग ऐकेल.

कला करावी की नाही, यावर धर्माच्या अंगाने वाद होतात. मी मौलाना नाही, फतवा देणं माझं काम नाही. मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. मिरजेचा कारागीर जोहरची नमाज पढून येतो आणि तंबोऱ्याला जवारी काढायला बसतो. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. तिथल्या उरुसात त्यांच्या आठवणीसाठी आजही संगीतसभा होते, देशातले गवई येऊन हजेरी लावतात. आपल्या मागे असलेली परंपरा केवढी आहे, हे आधी माहीत करून घ्या. घरच्यांशी वाद घालून जिंकण्यापेक्षा त्यांना काम दाखवा. आमच्या अम्मीला चित्रं आवडत नसत. उर्दू शाळेच्या भिंतीवर अलिफ-बे बघून आल्यावर तिने शेजारणीला सांगितलं, 'वो मेरे बेटे ने लिक्खा है.'

दुसरी अडचण बाहेरची. लोक 'मुस्लीम कलाकार' असा शिक्का मारतात आणि मग चंद्र, मिनार, जाळीदार टोपी एवढंच मागतात. काही जण वैतागून आपलं सगळंच लपवायला लागतात. झरीना हाश्मी यांनी तिसरा रस्ता दाखवला. अलीगढमध्ये १९३७ साली जन्म, शिक्षण गणिताचं, मग छापचित्रकलेत काम. आयुष्य बँकॉक, पॅरिस, टोकियो, न्यूयॉर्क असं परदेशात गेलं. कुटुंब पाकिस्तानात गेलेलं. बहीण रानी कराचीहून त्यांना उर्दूत पत्रं लिहायची, पण टपालात टाकायची नाही. आईवडिलांच्या जाण्याची, घर विकल्याची पत्रं. ती पत्रं नंतर झरीनांच्या हाती आली. त्यांनी त्या अक्षरांवर घराचा आराखडा, गावाचा नकाशा छापून चित्रमालिका केली. उर्दू न येणारा माणूसही ती बघून थबकतो, कारण घर सुटल्याचं दुःख सगळ्यांना कळतं. २०११ मध्ये व्हेनिसच्या जागतिक कला प्रदर्शनात भारताचं पहिलं अधिकृत दालन उभं राहिलं, त्यात त्यांचं काम होतं. आपल्या घरातली खास गोष्ट नीट, खरी सांगितली की ती सगळ्यांची होते. तुमच्या घरात नानीची दखनी आहे, कोकणी मुसलमानांची बोली आहे, मराठी शाळेतल्या कविता आहेत, उर्दूतली जुनी पत्रं आहेत. एवढं भांडवल फार थोड्या तरुणांकडे असतं.

आता पैशाचं. ते न बोलता मी गेलो तर तुमची फसवणूक होईल. कलेवर घर चालेलच याची हमी मी देत नाही. माझं आजही अर्धं घर रंगकामावर चालतं, भिंतीला प्रायमर, वर दोन हात. मी कामाचे दोन भाग केले आहेत. एक रोजीचं काम, एक देण्याचं काम. रोजीच्या कामात भाव ठरवून घेतो. ज्याला परवडतं त्याच्याकडून पूर्ण पैसे घेतो, 'आपलाच माणूस' म्हणाला तरी. देण्याचं काम मी निवडतो, आठवड्यातून एक दिवस, त्याहून जास्त नाही. दोन्हींची सरमिसळ झाली की माणूस उपाशीही राहतो आणि कडूही होतो.

आणि लग्नपत्रिकांच्या त्या मित्राला सांगतो. तुझ्यासमोर आज जे आलं आहे, ते आमच्या वेळच्या फ्लेक्ससारखंच आहे, फक्त जास्त हुशार. ते चित्र काढेल, चाल लावेल, शेरही जुळवेल. त्याच्याशी वेगात स्पर्धा करू नकोस, मी फ्लेक्सशी केली असती तर शिडीवरून पडलो असतो. ते वापरायला शीक, त्यात कमीपणा नाही. पण त्या मुलीचा हात भिंतीवर कुठवर पोचतो, ते जाऊन बघावं लागतं. कातिब चाचा अजून हयात आहेत आणि त्यांना शिकवायचं आहे, हे मोहल्ल्यात राहणाऱ्यालाच माहीत असतं. तुझ्या आसपासच्या माणसांना काय लागतं ही माहिती तुझ्याकडे आहे. काम तिथून सुरू कर.

आता काही करण्यासारखं सांगतो. रोज अर्धा तास हात चालू ठेवा, चित्र असो, सूर असो, अक्षर असो. कुणी बघत नसलं तरी. हात गंजला तर संधी आली तरी घेता येत नाही. तुमच्या भागात ज्याचं काम थांबलं आहे असा एक जुना कारागीर शोधा, कातिब असेल, बँडवाला असेल, मेहंदीवाली असेल, आणि त्याच्याकडे शिकायला बसा. आणि एकटे राहू नका. अमर शेखांना अण्णाभाऊ होते, गवाणकर होते. रझांना त्यांचा ग्रुप होता. या खोलीत चाळीस जण आहेत. निदान दोघांचे नंबर घेऊन जा, आणि महिन्यातून एकदा एकमेकांचं काम बघा. खोटं कौतुक करू नका.

दुपारच्या सत्राआधी एक काम देतो. प्रत्येकाने एक कागद घ्या आणि त्यावर एक नाव लिहा. स्वतःचं नको. तुमच्या गल्लीत, शाळेत, घरात असा कोण आहे ज्याला तुमच्या हातचं, गळ्याचं, लेखणीचं काही उपयोगी पडेल, त्याचं नाव. म्हातारी शेजारीण असेल, जिचं आयुष्य कुणी लिहून घेतलेलं नाही. अंगणवाडीची भिंत असेल. अभ्यासात मागे पडलेला, पण ताल पक्का असलेला चुलतभाऊ असेल. नाव सुचलं नाही तर घाई करू नका. घरी जाताना आजूबाजूला बघत जा.

तो कागद मला दाखवायची गरज नाही. या आठवड्यात त्या माणसाकडे जा आणि विचारा, 'तुम्हाला काय लागतं?'

प्रश्न असतील तर विचारा, मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे.